पाटीची कुंडली

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याची पाटी कोरी असते म्हणतात. दुकानाचं नेमकं उलट आहे. दुकानाची पाटी आधी भरते, दुकान मागाहून. गाळ्यात अजून सिमेंटची पोती पडलेली असतात, फळ्या यायच्या असतात, माल घाऊक व्यापाऱ्याच्या वखारीतून निघालेलाही नसतो. पण वर पाटी मात्र झळकत असते. नारळ तिच्याखाली फुटतो, हार तिला पडतो आणि पेढा खाऊन निघालेले आप्तेष्ट "पाटी छान झालीय हो" एवढंच म्हणतात. छान म्हणण्यासारखं तिथे दुसरं काही नसतंच. अशा वेळी मालक पेंटरला हमखास एक प्रश्न विचारतो, "किती वर्षं टिकेल?" हाच प्रश्न कुणी दुकानाबद्दल विचारला तर त्याला पेढा मिळणार नाही. पाटीबद्दल विचारलेला चालतो.

मला रस्त्याने जाताना पाट्या वाचत जायची जुनी खोड आहे. तिच्यापायी मी सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत, गटारांची खोली मोजली आहे आणि लग्नानंतरच्या पहिल्या फिरण्यात सौभाग्यवतींना दोन चौक मागे ठेवून पुढे गेलो आहे. "तुम्ही पुस्तकं कमी आणि पाट्या जास्त वाचल्यात," असं ही अजून म्हणते. आरोप खरा आहे. पण पुस्तकाच्या शेवटी काय होतं ते लेखकाच्या मर्जीवर असतं; पाटीचा शेवट ऊन, पाऊस आणि शेजारची कारटी मिळून ठरवतात. त्यामुळे त्यात उत्कंठा अधिक. पाट्यांच्या जन्ममरणाचा पसारा उलगडत गेलं की ध्यानात येतं, ज्या टिकाव्यात म्हणून जिवाचं रान केलं त्या गेल्या, आणि ज्या चार दिवसांच्या पाहुण्या होत्या त्या ठाण मांडून बसल्या.

आपल्याकडच्याच गोष्टीपासून सुरुवात करू. कार्ल्याच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, सिंहदत्त नावाच्या एका गंधिकाचं नाव कोरलेलं आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणारा. आजच्या भाषेत अत्तरवाला. त्याने लेण्याच्या दाराचं दान दिलं आणि नाव, धंदा व गाव दगडात कोरून घेतलं. दुकानाच्या पाटीवर याहून निराळं काय असतं? फक्त वेळ आणि साप्ताहिक सुटी घालायची राहिली. या गोष्टीला सुमारे दोन हजार वर्षं झाली. अत्तर उडून गेलं, दुकान गेलं; आणि त्याचं गाव जे धेनुकाकट, ते नेमकं कुठे होतं यावर विद्वानांची अजून हातघाई चालू आहे. म्हणजे पत्ता गेला आणि पाटी राहिली.

नाशिकच्या पांडवलेण्यात तर याहून गंमत आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने तिथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार नाणी ठेव म्हणून ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रीतीप्रमाणे फलकांवर, म्हणजे दप्तरी, नोंदवला, असं त्या शिलालेखातच म्हटलेलं आहे. फलक! आपण आजही दुकानावर लावतो तोच शब्द. ते फलक बहुधा लाकडाचे असतील. त्यांचं केव्हाच भुसकट झालं, आणि 'फलकावर लिहून ठेवलंय बरं का' असं सांगणारा दगड तेवढा उरला. सरकारी कचेरीतली मूळ फाइल गहाळ व्हावी आणि आवक-जावक रजिस्टरातली नोंद तेवढी शाबूत राहावी, तसंच हे. (वर्षाला शेकडा बारा व्याज देणारा विणकर आज कुणाला भेटला तर मला जरूर कळवावं.)

दगडाचं सोडा, तो टिकतोच. रंगवलेल्या पाटीने दोन हजार वर्षं टिकायचं तर एकच खात्रीचा उपाय इतिहासाला ठाऊक आहे, तो म्हणजे ज्वालामुखी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि इटलीतलं पाँपेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. शेकडो वर्षांनी उकरून काढलं तेव्हा दुकानांच्या भिंतींवरचे रंग ताजे होते. व्हेरेकुंडस नावाच्या एका कापडवाल्याच्या दुकानावर व्यापाराचा देव मर्क्युरी काढलेला आहे. हातात पैशांची थैली घेऊन तो देवळातून बाहेर पडतोय. आपल्याकडे थैली घेऊन माणूस देवळात जातो आणि मोकळ्या हाताने बाहेर येतो. तिकडे देवच थैली घेऊन बाहेर निघालेला दिसतो. हिशेब एकच आहे म्हणा. त्याच दुकानावर व्हीनस देवी चार हत्तींच्या रथात बसली आहे. कापडाच्या दुकानाला हत्ती कशाला, असं विचारू नये. गिऱ्हाइकाची मान वर झाली पाहिजे, हा पाटीचा पहिला धर्म आहे. मात्र राखेतून वर काढल्यावर पाँपेईतल्या कितीतरी रंगवलेल्या भिंती फिकट पडत गेल्या. अठरा शतकं अंधारात जपलेला रंग उजेडात आल्यावर थोड्या वर्षांतच विटू लागला. म्हणजे पाटी टिकवायची असेल तर ती कुणाला दिसता कामा नये. हा सिद्धान्त दुकानदाराच्या फारसा उपयोगाचा नाही.

मान वर करायला लावण्याच्या नादात माणसं कुठवर जातात ते लंडनमध्ये दिसलं. इंग्लंडात १३९३ साली दुसऱ्या रिचर्ड राजाने हुकूम काढला की, बिअर विकणाऱ्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे. नाहीतर बिअर जप्त. लोकांना वाचता येत नव्हतं, घरांना नंबर नव्हते, म्हणून खुणा चित्रांच्या. कुणी हरिण टांगलं, कुणी सिंह, कुणी बूट. पुढे शेजाऱ्याच्या हरणापेक्षा आपलं हरिण मोठं पाहिजे, या न्यायाने पाट्या लोखंडी दांड्यांवरून रस्त्यावर पुढे पुढे सरकत गेल्या. समोरासमोरची दुकानं एकमेकांच्या नाकाला नाक लावायला आली. वारा सुटला की सगळा बाजार करकरायचा. १७१८ साली ब्राइड लेन नावाच्या गल्लीत अशीच एक पाटी घराची दर्शनी भिंत घेऊन खाली आली आणि चार माणसं मेली. पाट्या भिंतीला सपाट चिकटवून बसवायचा कायदा झाला तो १७६२ साली. चव्वेचाळीस वर्षं! सरकारी कामाचा वेग हा आपलाच शोध आहे असा आपल्याला उगीच अभिमान वाटतो.

आमच्या पुण्यात चित्रांचा हा खटाटोप मारुतीने वाचवला. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती. एवढी खूण सांगितली की पुढचं दुकान "त्याच्या समोर", "त्याच्या डाव्या हाताला" किंवा "त्याच्याकडे पाठ करून उभे राहा" यात भागतं. आणि मारुतीला स्वतःला पाटी लागत नाही. शेंदूर लावला की ओळख पटते. आता बघा, पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा रंग, आणि लोखंड गंजू नये म्हणून पुलांना आणि जहाजांना पहिला हात द्यायचे तो नेमका हाच. पांढरा सफेता तोही शिशाचाच. जवसाच्या तेलात शिसं मुरलं की त्याचा चिवट थर बसतो. म्हणून युरोप-अमेरिकेत विटांच्या भिंतींवर शंभर वर्षांपूर्वी रंगवलेल्या साबणाच्या आणि पिठाच्या जाहिराती अजून भुतासारख्या दिसतात. साबण गेला, कंपनी गेली, गिऱ्हाईक तर गेलंच गेलं. शिसं विषारी, म्हणून पुढे रंगांतून हटवलं. पण आमच्या भक्तमंडळींनी दर शनिवारी तेल आणि शेंदूर वाहून मारुतीला जे हवामानरोधक कवच चढवलं, तसं कुठल्या कंपनीने आपल्या पाटीला चढवलेलं नाही. फरक इतकाच की, मारुतीचे भक्त दर शनिवारी येतात. पाटीला भक्त लागतात, ही गोष्ट इथे जरा मनात ठेवावी. पुढे लागेल.

पाटीचा असा एक भक्त मी जवळून पाहिला. ते माझे मामा. नदीकाठच्या एका पेठेत त्यांचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, १९५२ सालचं. पाटीवर मामांचं आडनाव आणि पुढे 'आणि कंपनी' अशी अक्षरं. कंपनी म्हणजे मामी. ही कंपनी दुपारी दोन ते चार गल्ल्यावर बसायची आणि उधारी वसूल करायची. त्या दोन तासांत दुकानाला खरी बरकत असायची.

पाटी रंगवायला येणारे पेंटरकाका हे मोठं प्रकरण होतं. त्या काळी पेंटरला मान होता आणि तो स्वतःलाही तो देत असे. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी नाटकाचे पडदे रंगवले, पुढे चित्रपट काढले आणि ते जगाला माहीत झाले ते बाबूराव पेंटर म्हणून. मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत होते. तेव्हा 'मी काय नुसता पाट्या रंगवणारा नाही' असा भाव प्रत्येक पेंटरच्या चेहऱ्यावर असे, आणि कुणी सांगावं, असं वाटून त्यांना चहा दोनदा मिळे. पेंटरकाका पत्रा घासायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचे, खड्डे लांबीने भरायचे, वाळवायचे, पुन्हा घासायचे. मग खडू लावलेला दोरा ताणून पत्र्यावर टणकन मारायचे. एका झटक्यात सरळ रेघ. त्या रेघेवर अक्षरांची शिरोरेषा यायची. ब्रश खारीच्या केसांचा, आणि मनगटाखाली आधाराला एक काठी. अक्षराला सावली दिली की अक्षर पत्र्यावरून उठून बाहेर यायचं. मी खाली उभा राहून तोंड उघडं टाकून बघत असे. त्यात एकदा रंगाचा थेंब पडला होता. हिरवा.

"काका, किती वर्षं टिकेल?" मामांनी विचारलंच.

"मालक, पाटीचं तोंड पश्चिमेला आहे," काका ब्रश पुसत म्हणाले. "दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा, दोन्ही तोंडावर. रंग पत्र्याचा नसतो, उन्हाचा असतो. ऊन तो उसना देतं आणि हप्त्याने परत घेतं. आधी तांबडा जाईल. निळा मागे राहील."

हे शास्त्राला धरून होतं. तांबडा रंग तांबडा दिसतो, कारण उजेडातला निळा-जांभळा भाग तो पोटात घेतो. आणि जास्त जोराचे, दाहक किरण त्याच बाजूचे. निळा रंग ते परत पाठवतो. म्हणजे तांबडा जे गिळतो तेच त्याला खातं. पेंटरकाकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पुस्तकं आमच्या मामांच्या दुकानात होती, ज्ञान शिडीवर होतं.

"मग उपाय काय?"

"वर बघत जा," काका म्हणाले.

मामांनी तो मंत्रासारखा घेतला. दर दसऱ्याला दुकानदार तराजूची नाहीतर गल्ल्याची पूजा करतात. मामा आधी शिडी लावून वर चढायचे. ओल्या फडक्याने पाटी पुसायचे, हातोडीने एकेक खिळा वाजवून बघायचे, गंजलेला दिसला की बदलायचे, आणि मग हार घालायचे. "खिळा वाजवल्याशिवाय हार नाही," हे त्यांचं ब्रीद. मामी खालून शिडी धरून म्हणायच्या, "एवढं लक्ष दुकानात दिलं असतंत तर शाखा निघाली असती." पण पुण्यात 'आमची कोठेही शाखा नाही' ही तक्रार नसून पदवी आहे, हे मामींनाही ठाऊक होतं.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं आणि पाठोपाठ खडकवासल्याचं धरण फुटलं आणि नदी पेठांत शिरली. मामांच्या दुकानात छातीच्या वर पाणी होतं. वह्यांचा लगदा झाला, शाईच्या बाटल्या फुटून भिंती निळ्या झाल्या, आणि पुराच्या रेट्याने पाटी चौकटीसकट वाहून गेली. चार दिवसांनी ती तिसऱ्या गल्लीत एका न्हाव्याच्या दारात सापडली. चिखल धुतला तर अक्षर न् अक्षर शाबूत! मामांनी ती डोक्यावर घेऊन आणली. दुकानात विकायला तेव्हा एक टाचणी नव्हती. फळ्या नव्हत्या, गल्लाही नव्हता. मामांनी आधी पाटी लावली. मामी म्हणाल्या, "अहो, विकायला काय आहे?" मामा म्हणाले, "दुकान आहे एवढं तर कळू दे लोकांना." दुसऱ्या दिवशी एका शाळेचे मास्तर पाटी बघून आत आले आणि शंभर वह्यांची आगाऊ रक्कम देऊन गेले. त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या वह्यांचाही लगदाच झाला होता. पाटीवर जगणं म्हणतात ते मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं.

पुढे ती पाटी तीन-चार वेळा पुन्हा रंगवली गेली. दरवेळी जुना रंग खरवडताना खालचे थर दिसायचे. सर्वांत खाली 'बोरू, टाक, दौत'. त्यावर 'फाउंटन पेन दुरुस्त करून मिळतील'. त्यावर 'बॉलपेन'. सर्वांत वर 'झेरॉक्स'. उत्खनन करणाऱ्यांना अशा थरांसाठी गावाबाहेर तंबू ठोकून राहावं लागतं. आम्हांला शिडी पुरली.

पाटीचं वय ओळखायलाही मी याच पाटीवर शिकलो. पत्त्यात नुसतं 'पुणे २' असेल तर पाटी १९७२ पूर्वीची समजावी, कारण त्या वर्षी १५ ऑगस्टला पिनकोड आला आणि २ चे ४११००२ झाले. 'नवे पैसे' असं कुठे दिसलं तर १९५७ नंतरची काही वर्षं. टेलिफोनचे आकडे मोजावेत. जितके कमी, तितकी पाटी थोर. जीएसटीचा नंबर असेल तर २०१७ च्या जुलैनंतरची, म्हणजे अजून दुधाचे दातही पडलेले नाहीत. आणि पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' असं दिसलं तर तिथे दोन मिनिटं थांबावं. ज्या धंद्याने देशाला रात्री उशिरा स्वस्त दरात आईवडिलांशी बोलायला शिकवलं, तो धंदाच उरला नाही. कित्येक ठिकाणी पाटी तेवढी उभी आहे.

पाट्यांच्या शुद्धलेखनाचाही वयाशी संबंध असतो. १९६२ साली साहित्य महामंडळाने नवे नियम करून अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. उच्चारित अनुस्वार काढायचं काम पावसाने हाती घेतलं. चिकटवलेल्या अक्षरांच्या पाटीवर आधी पडतो तो अनुस्वार, मग वेलांटी, मग मात्रा. 'कंपनी'ची 'कपनी' होते, आणि चहाच्या हॉटेलावर ती शोभूनही दिसते.

हे सगळं टाळण्यासाठी इंग्रजांनी एक हिकमत काढली होती. लोखंडी पत्र्यावर काचेची भुकटी पसरायची आणि सुमारे आठशे अंशांच्या भट्टीत घालायचं. काच वितळून पत्र्याशी एकजीव होते. १८८९ साली बर्मिंगहॅमजवळ अशा पाट्यांचा खास कारखाना निघाला. चहाच्या, साबणाच्या, सिगारेटच्या अशा निळ्या-पिवळ्या पाट्या आपल्या स्टेशनांवर आणि वाण्यांच्या दारांवर वर्षानुवर्षं होत्या. ऊन लागत नाही, पाणी लागत नाही. लागतो तो दगड. पोरांनी नेम धरला की काचेचा टवका उडतो आणि तिथून गंज आत शिरतो. त्यातून वाचलेल्या पाट्या आता जुन्या बाजारात अशा भावाने विकल्या जातात की, त्यांवर जाहिरात केलेला चहा जन्मभर पुरेल. फार टिकाऊ पाटीला शेवटी चोराचं भय.

मग आला निऑन. हा वायू १८९८ साली रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी शोधला. हेच रॅम्झी पुढे जमशेटजी टाटांच्या विनंतीवरून हिंदुस्थानात आले आणि विज्ञानसंस्था बंगळूरला काढा असं सांगून गेले. जॉर्ज क्लोद या फ्रेंच गृहस्थाने १९१० साली पॅरिसला निऑनचे दिवे दाखवले आणि १९१२ साली निऑनची पहिली पाटी विकली गेली ती एका न्हाव्याला. न्हाव्यांचं आणि पाट्यांचं काही पूर्वजन्मीचं नातं असावं. निऑनच्या पाटीचा तोटा असा की, ती एकदम मरत नाही, अक्षराअक्षराने मरते. समजा, दुकानाचं नाव 'अमर' आहे आणि एका रात्री नेमका 'अ' विझला, तर येणाऱ्या गिऱ्हाइकाने काय समजायचं?

आणि ज्या पाटीने कुणाला न विचारता अमर व्हायचं ठरवलं, तिची गोष्ट तर विलक्षणच आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डोंगरावर १९२३ साली प्लॉट विकणाऱ्यांनी 'हॉलिवुडलँड' अशी पाटी उभी केली. लाकूड आणि पत्रा, अक्षरं पन्नासेक फूट उंच, वर हजारो दिवे. इंग्रजीत तेरा अक्षरं. 'हॉलिवुड' एवढंच मराठीत लिहायचं तर चारांत भागलं असतं. अर्थात पन्नास फुटी वेलांटीचा खर्च वेगळा. ही पाटी दीड वर्ष टिकली तरी खूप, असा हिशेब होता. प्लॉट विकले गेले, पुढे मंदी आली, दिवे गेले, पहिलं अक्षर कोलमडलं. १९४९ साली तिथल्या व्यापारी मंडळाने डागडुजी केली आणि 'लँड' काढून टाकलं. १९७८ पर्यंत पुन्हा अवकळा आली. एका 'ओ'चा वरचा भाग गेला, दुसरा 'ओ' डोंगरावरून घरंगळला. तेव्हा नऊ दात्यांनी अक्षरामागे २७ हजार ७७७ डॉलर दिले आणि पोलादी अक्षरं उभी राहिली. ॲलिस कूपर नावाच्या गायकाने एका 'ओ'चा खर्च उचलला. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं, तिकडे अक्षराला यजमान मिळाला. दीड वर्षाची पाटी शंभरी ओलांडून उभी आहे. माल साधाच होता. पण पडली की कुणीतरी वर बघून हळहळत होतं, खिशात हात घालत होतं. कार्ल्याच्या दगडाला आणि पाँपेईच्या राखेला मी सलाम करतो, पण बाकी सगळ्या पाट्या टिकल्या त्या अशा कुणाच्या तरी वर केलेल्या मानेवर.

आमच्याकडे मान वर करायची सवय मोडली ती फ्लेक्सने. प्लॅस्टिकचा मुलामा दिलेलं कापड, चौरस फुटावर भाव, सकाळी सांगा, संध्याकाळी लावा. पेंटरकाकांचा मुलगा आता फ्लेक्सच्या यंत्रावर बसतो. बापाचं अक्षर त्याच्या हातात आहे, पण यंत्राला हात लागत नाही. दिल्लीच्या हनिफ कुरेशी यांनी गावोगावच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून संगणकात घालून ठेवली, म्हणून निदान वळणं तरी उरली. ते स्वतः २०२४ साली गेले. फ्लेक्सवरचा पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतो, निळा आणि काळा मागे राहतो. त्यामुळे वाढदिवसाच्या फलकावरचे गोरेपान नेते पहिल्या उन्हाळ्यातच घनश्याम होतात. पाटी म्हणून फ्लेक्स दोन-तीन वर्षं जगतो; पण मेल्यावर काही मरत नाही. कडब्याच्या गंजीवर, टेम्पोच्या टपावर, गळक्या झोपडीवर तो पुढची कित्येक वर्षं हात जोडून उभा असतो.

२०२२ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरीत मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, असंही बजावलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांची मुदत दिली. अक्षराची उंची मोजायला माणसं मिळाली, याचा मला आनंद आहे. त्यांनी जाता जाता खिळेही वाजवून पाहिले तर आणखी आनंद होईल.

कारण १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला. खाली आसऱ्याला थांबलेली, गाडीत तेल भरणारी माणसं सापडली. सतरा जीव गेले. फलक एकशेवीस फूट बाय एकशेवीस फूट होता. मर्यादा होती चाळीस बाय चाळीस. त्याआधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ असाच सांगाडा पडून चार जण गेले होते. ब्राइड लेनमधलेही चारच. तीनशे वर्षांत आपण पाटीचा रंग बदलला, दिवा बदलला, माल बदलला. खिळ्यावर हातोडी वाजवणारा माणूस मात्र कुणी पगारावर ठेवला नाही. 'किती वर्षं टिकेल' हा प्रश्न आपण अजून रंगाबद्दलच विचारतो. तो खाली उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने विचारायचा असतो.

मामा गेले, दुकान बंद झालं, गाळा भाड्याने गेला. तिथे आता एक तरुण मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतो. त्याने आल्या आल्या मोठा फ्लेक्स लावला, आणि लावणाऱ्यांनी आळसाने त्याची चौकट जुन्या पाटीवरच ठोकली. मागच्या वळवाच्या पावसात तो फ्लेक्स टराटरा फाटला आणि खालून मामांची पाटी बाहेर आली. इतकी वर्षं उन्हापासून झाकलेली, त्यामुळे तांबडा रंगसुद्धा जागच्या जागी! पाँपेईला राख लागली, आम्हांला फ्लेक्स पुरला. मी पोरगा काय करतोय ते बघायला मुद्दाम गेलो.

"काका, ही पाटी तुमच्यापैकी कुणाची का? लोक दिवसभर वह्या मागतायत," तो वैतागून म्हणाला.

"मग काय सांगतोस?"

"आधी नाही म्हणायचो. पण किती जणांना नाही म्हणणार? आता ठेवतो डझनभर वह्या. जातात." आणि मग जरा वर बघून म्हणाला, "ही काढायला माणूस चढवला होता. तो म्हणाला, खिळे एकदम पक्के आहेत, राहू द्या."